बाहेरून आलेला आकार आपल्या हातात कसा घ्यायचा? वाचकांचे कॅडचे प्रश्न, उत्तरं अंबडहून

मंडळी, गेल्या वेळी स्टेप फाइलबद्दल, म्हणजे एका कॅड (कॉम्प्युटरवर आकार काढायच्या) सॉफ्टवेअरमधला तयार आकार दुसऱ्यात नेणाऱ्या फाइलबद्दल, दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि या महिन्यातली बहुतेक पत्रं त्यावरच आलीत. सातपूर, अंबड, सिन्नर, जुनं नाशिक, सगळीकडचं दुखणं सारखंच आहे. पार्टी फाइल पाठवते, स्क्रीनवर मस्त दिसते, आणि एक कड हलवायला गेलं की दगड. म्हणून हे पूर्ण सदर त्यालाच देतेय. पहिलं उत्तर जरा लांब झालंय पण ते लांबच पाहिजे होतं, कारण पुढच्या अर्ध्या प्रश्नांची चावी त्यातच आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. अंबड एमआयडीसीत आमचं मोल्डचं छोटं काम आहे, मी आणि माझा भाऊ दोघंच. पिंपळगावच्या एका पार्टीने द्राक्षबागेत वापरतात त्या फवारणी गनच्या मुठीची स्टेप फाइल दिलीय. त्यांना तळहाताच्या बाजूने मूठ ४ एमएम भरीव पाहिजे आणि बोटांचे खड्डे थोडे उथळ, कारण फवारणीला माणसं तास न् तास गन धरून असतात आणि हात भरून येतो. हिस्ट्री, म्हणजे आकार कसकसा बनवला त्या पायऱ्या, काहीच नाही फाइलमध्ये. फ्युजन सॉफ्टवेअरमध्ये फॉर्मला (जाळी ओढून आकार करायचा भाग) गेलो, कन्व्हर्ट घेतलं, ६३ फेस (आकाराच्या बाहेरच्या अंगाचे तुकडे) होते ते सगळे सिलेक्ट केले, तर सगळे सुटे तुकडे झाले, कुठे भोक, कुठे एकावर एक चढलेले. फिनिश केलं की सॉलिड होत नाही. दोन रात्री घातल्या यात. काय चुकतंय?

उत्तर : भाऊ, ६३च्या ६३ फेस एकदम कन्व्हर्टला घेतले तिथेच काम फसलं. तुम्ही फाइल सोबत पाठवली होती म्हणून बरं झालं, मी उघडून बघितली. त्यातले ४१ फेस नुसते फिलेट, म्हणजे कडांच्या गोलाया, आहेत, काही तर अर्ध्या एमएमच्या पट्ट्या आणि तीन कोनी कोपरे. मुठीचा खरा आकार उरलेल्या थोड्याशा फेसमध्ये आहे.

आधी हे समजून घ्या की स्टेपमधला एक फेस म्हणजे दोन गोष्टी असतात. खाली एक पूर्ण सरफेस असतो, चार बाजूंचा, उभ्या-आडव्या रेषांचा, आणि त्याच्यावर ट्रिमची कड आखलेली असते. शिंपी कापडावर खडूने आखतो ना तशी ती कड, फक्त इथे कापड कापलेलंच नसतं, कडेबाहेरचं दिसत नाही इतकंच, खाली ते अख्खं पसरलेलं असतं. आणि फॉर्मला ट्रिम ही भानगडच कळत नाही, त्याला सलग चौकोनी खणांची जाळी लागते. त्यामुळे नीट चार कडांचा पॅच असेल तर कन्व्हर्ट छान चालतं, पण कुठेकुठे कापलेल्या तुकड्याला दिलं की तो तुकडा आपल्या शेजाऱ्याला ओळखत नाही. दोन शेजाऱ्यांच्या खणांची संख्या वेगळी, कडांच्या रेषा वेगळ्या, मग जुळणार कसं.

आता काम असं करा. मूळ बॉडीची कॉपी काढून ठेवा आणि मूळाला हात लावू नका, ती शेवटपर्यंत मापाला लागणार आहे. कॉपीवर मुठीचाच भाग दोन प्लेनने स्प्लिट करून वेगळा करा. वरचा नोझलचा आटा, ट्रिगरच्या पिनचं भोक, व्हॉल्व्ह बसतो ती जागा, हे सगळं जसंच्या तसं राहू द्या, त्याला फॉर्ममध्ये नेण्याचं कारणच नाही. पार्टीने आकार बदलायला सांगितलाय तो हाताखालचा. मग मुठीवरचे फिलेट सिलेक्ट करून डिलीट मारा. शेजारचे फेस वाढून आपोआप मिळतात, एकदम सगळे घेतले तर अडतं, म्हणून लहानापासून मोठ्याकडे, दोन-दोन चार-चार करत जा. फिलेट गेले की खालचा आकार उघडा पडतो आणि तुमच्या लक्षात येईल की मूठ म्हणजे एक वाकवलेली नळी आहे, बाकी सगळा दागिना.

नळीच आहे तर नळीनेच सुरुवात करा. क्रिएट फॉर्म, सिलिंडर घ्या, गोलात ८ खण, लांबीत ६. जास्त नको. ती मुठीभोवती अंदाजे ओढून बसवा, मग मॉडिफायमधलं पुल घेऊन पॉइंट मूळ बॉडीवर टेकवा. अजून जुळत नसेल तिथेच एक आडवी ओळ घाला, आणि पुन्हा पुल. ओळ घालायचा मोह आवरा हो, ४८ खणांची जाळी हाताने हलवता येते, ५०० खणांची येत नाही, एक पॉइंट ओढला की टेंगूळ उठतं आणि ते घालवायला संध्याकाळ जाते. मूठ दोन्ही बाजूंनी सारखी आहे, तर सिमेट्रीत मिरर इंटर्नल लावून ठेवा, म्हणजे एकच बाजू हलवायची.

आता त्या ४ एमएमचं. इथे बहुतेक जण चकतात. कंट्रोल फ्रेममधला पॉइंट सरफेसवर नसतो, तो बाहेर असतो आणि सरफेसला नुसता ओढतो. सम वाटणीच्या जाळीत एक पॉइंट ४ एमएम बाहेर काढला तर त्याच्याखालचा सरफेस ४ नाही, त्याच्या ४/९ इतकाच येतो, म्हणजे पावणेदोन एमएमच्या जरा वर. आडवी एक अख्खी ओळ काढली तर दोन तृतीयांश, साधारण २.७ एमएम. शेजारच्या दोन्ही ओळीही सोबत तेवढ्याच काढल्या तरच मधल्या ओळीवर पूर्ण ४ मिळतात. हे गणित क्युबिक बी-स्प्लाइनचं आहे, पॉइंटचा वाटा एका दिशेला १/६, ४/६, १/६ असा पडतो. त्यामुळे डायलॉगमध्ये ४ टाकलं म्हणजे ४ मिळाले असं समजू नका, सेक्शन (छेद) काढून मूळ बॉडीपासून मोजा. तळहाताच्या तीन ओळी धरा, ओढा, मोजा, मधल्याला थोडी वाढवा, परत मोजा. बोटांच्या खड्ड्यांनाही हेच, फक्त तिथे आत ओढलेले पॉइंट बाहेर आणायचेत.

याच गणिताचा दुसरा फायदा बघा. एका पॉइंटचा असर दोन्हीकडे दोन-दोन खणांपुरता असतो, त्यापलीकडे काही हलत नाही. म्हणून मुठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या ओळी पुलने मूळ बॉडीवर टेकवल्या की त्यांना आणि त्यांच्या आतल्या ओळींना पुन्हा हात लावायचा नाही, म्हणजे जिथे नवी मूठ जुन्या डोक्याला भिडते तिथला जोड तसाच राहतो. नळी स्प्लिटच्या प्लेनच्या ५-६ एमएम पलीकडे जाऊ द्या, तोंडाला तोंड लावायला जाऊ नका. फिनिश फॉर्म केल्यावर उघड्या नळीचा सरफेस बॉडीच मिळणार, सॉलिड नाही, घाबरू नका. ती त्याच प्लेनने ट्रिम करा, दोन्ही टोकं पॅचने बंद करा, स्टिच केलं की सॉलिड, आणि मग डोक्याशी कंबाइन. फिलेट सगळ्यात शेवटी, आता ते तुमचे स्वतःचे असतील, रेडियस कधीही बदलता येईल.

दोन गोष्टी पार्टीला आजच फोन करून विचारा. एक, फाइल पार्टची आहे की श्रिंकेज लावलेली, म्हणजे प्लास्टिक थंड होताना आक्रसतं म्हणून आधीच वाढवलेली. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल आणि कोणी आधीच दीड टक्का वाढवलेली फाइल दिली असेल तर १२० एमएमच्या मुठीत १.८ एमएम तिथेच गेले, ते तुमच्या ४ एमएमच्या जवळपास निम्मे आहेत. दुसरं, मुठीवर टेक्स्चर आहे का. मूठ फुगवली की पार्टिंग लाइनजवळची (मोल्डचे दोन भाग मिळतात ती रेष) भिंत उभी होते आणि ड्राफ्ट, म्हणजे पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार, खाल्ला जातो. टेक्स्चर असेल तर दर ०.०२५ एमएम खोलीला साधारण १ ते १.५ डिग्री ड्राफ्ट धरतात, म्हणून सॉलिड झालं की ड्राफ्ट अ‍ॅनालिसिस लावूनच पुढे जा. पार्टिंग लाइनवर जाळीची एक उभी रेष बरोबर बसवलीत तर ती कड सरळ राहते, नाहीतर कोअर-कॅव्हिटी (मोल्डचा आतला आणि बाहेरचा भाग) वेगळी करताना लाइन सापासारखी जाते.

मला या कामाचं मनापासून बरं वाटलं. बागेत दिवसभर गन धरणाऱ्याचा हात दुखू नये म्हणून कोणी ४ एमएमसाठी मोल्ड बदलतंय. फायनल करायच्या आधी मुठीचा थ्रीडी प्रिंट काढा आणि फवारणी करणाऱ्याच माणसाच्या हातात द्या, ओल्या हातमोज्यासकट.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गंगापूर रोडला राहतो. नर्ब्स, टी-स्प्लाइन, सब-डी हे तिन्ही शब्द व्हिडिओत ऐकतो पण फरक कोणी नीट सांगत नाही. आणि स्टेपमध्ये स्केच, एक्सट्रूड वगैरे का येत नाही?

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगते. स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३, पहिल्यांदा १९९४ला आलं, आणि त्याचं काम एका सॉफ्टवेअरमधला तयार आकार दुसऱ्यात पोचवणं. प्रत्येक सॉफ्टवेअरचं फिलेट काढायचं गणित वेगळं, स्केच सोडवायची पद्धत वेगळी, म्हणून एकाची रेसिपी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात तशीच शिजेल याची खात्री नसते. मग रेसिपी सोडून शिजलेलं ताट पाठवतात. तुझ्या हातात ताट येतं.

आता तुझे तीन शब्द. नर्ब्सच्या मुळाशी जे वक्र आहेत ते गाड्यांच्या कारखान्यातून आलेत, फ्रान्समध्ये रेनोचे पिएर बेझिए आणि सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो, दोघांनी १९६०च्या आसपास वेगवेगळे शोधले. नर्ब्सचा सरफेस डोळ्यासमोर आणायचा तर द्राक्षाचा मांडव बघ. तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधेच एका वेलीसाठी जास्तीची तार पाहिजे असली तरी ती पूर्ण लांबीभर ओढावी लागते. म्हणून एका कोपऱ्यात बारकावा आणायला गेलं की सगळ्या सरफेसवर पॉइंट वाढतात. टी-स्प्लाइनमध्ये तार मधल्या खांबाला थांबवता येते, जिथे थांबते तिथे इंग्रजी टी सारखा जोड होतो, नाव त्यावरूनच. टॉम सेडरबर्ग आणि त्यांच्या साथीदारांनी हे २००३ला मांडलं, पुढे २०११ला ऑटोडेस्कने ते तंत्र विकत घेतलं आणि आज फ्युजनच्या फॉर्ममध्ये तू तेच वापरतोस. सब-डी त्याहून जुनं, एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांची पद्धत १९७८ची. ढोबळ जाळी घ्यायची, प्रत्येक खण चारात वाटायचा, पॉइंट सरासरीने सरकवायचे, असं करत गेलं की गुळगुळीत सरफेस मिळतो. अ‍ॅनिमेशनवाले कितीतरी वर्षं वापरतात, राइनो या कॅड सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते आवृत्ती ७ मध्ये, २०२०ला आलं.

अभ्यासाला एक कर. घरातला साबण घे, वापरून झिजलेला. त्याची जाळी कमीत कमी खणांत बसव. २४ खणांत जमलं की १६ मध्ये करून बघ. एवढं एक काम महिनाभर केलंस तरी चालेल.

प्रश्न : ताई, आमचं घर जुन्या नाशकातलं, पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेचं काम. आजोबांच्या हातचं एक तांब्याचं घंगाळ आहे, ते एका ओळखीच्या मुलाकडून स्कॅन करून घेतलं. एसटीएल फाइल आहे, ४ लाख त्रिकोण. मला त्याच मापाची नवी घंगाळं स्पिनिंगवर (फिरत्या साच्यावर पत्रा दाबून) करायचीत, त्यासाठी डाय, म्हणजे तो साचा, पाहिजे. आणि छोटी पितळी प्रतिकृती पण करायचीय, त्यावर आजोबांचे मठारकामाचे ठोके तसेच दिसले पाहिजेत. फ्रीकॅडमध्ये मेशवरून (त्रिकोणांच्या जाळीवरून) शेप केला तर कॉम्प्युटर तासभर अडकला आणि मग बंद पडला.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घंगाळ सांभाळून ठेवा, स्कॅनपेक्षा ते जास्त सांगतं.

कॉम्प्युटर का अडकला ते आधी. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात, गोलाई नावाची गोष्टच नसते. हा फॉरमॅट १९८७चा, स्टिरिओलिथोग्राफीच्या मशीनसाठी केलेला, मशीनला थर कापायला त्रिकोण पुरतात. बायनरी एसटीएलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट, म्हणून तुमची फाइल जेमतेम २० एमबीची, बघायला हलकी. पण शेप फ्रॉम मेश केलं की प्रत्येक त्रिकोण एक स्वतंत्र सपाट फेस होतो, त्याला तीन कडा, तीन कोपरे, शेजाऱ्याशी नातं, हे सगळं ४ लाख वेळा. आणि एवढं करून हाती काय येतं, तर ४ लाख फेस ज्यातला एकही तुम्हाला धरून हलवता येणार नाही.

तुमची कामं दोन आहेत आणि दोघांचा रस्ता वेगळा आहे.

स्पिनिंगच्या डायला मेश कन्व्हर्ट करूच नका. घंगाळ फिरवून तयार होणारा आकार आहे, तर एक प्रोफाइल आणि एक अक्ष सापडला की झालं. मेश उघडा, कड्या आणि त्यांच्या कानांचा भाग बाजूला काढा, आणि बुडापासून काठापर्यंत चार-पाच उंचीला आडवे सेक्शन घ्या. प्रत्येक सेक्शनला वर्तुळ बसवा. हाताने ठोकलेलं भांडं आहे, वर्तुळांचे मध्य एका रेषेत तंतोतंत येणार नाहीत, एकमेकांपासून थोडे सरकलेले असतील, म्हणून त्या सगळ्यांतून जाणारी सरासरीची सरळ रेषा काढा, तो तुमचा अक्ष. मग त्या अक्षातून उभे सेक्शन घ्या, दर ६० डिग्रीला एक, सगळे एकाच स्केचवर एकावर एक ठेवा. तुम्हाला एक जाडसर पट्टा दिसेल, ठोक्यांमुळे रेषा पुढेमागे होतात. त्या पट्ट्याच्या मधून एक स्प्लाइन काढा, पोटाला पाच-सहा पॉइंट बास, काठाचा बाक वेगळ्या आर्कने. आणि रिव्हॉल्व्ह.

इथे एक जपा. स्कॅन बाहेरच्या अंगाचा आहे आणि स्पिनिंगचा पत्रा डायवर आतल्या अंगाने बसतो, म्हणून प्रोफाइल पत्र्याच्या जाडीइतकं आत घ्यायला लागेल. जाडी काठावर मोजून थांबू नका, काठ बहुतेक वळवलेला असतो. पोटाला आणि बुडाला वेगवेगळं मोजा, ठोकताना तांबं पोटाला पातळ होतं. आणि घंगाळाचं तोंड पोटापेक्षा अरुंद असेल तर एका अंगाच्या डायवर चढवलेला नग उतरणार नाही, डाय फाकांची करावी लागेल. हे तुमच्या स्पिनिंगवाल्याला प्रोफाइलची प्रिंट दाखवून आधीच विचारा.

आता प्रतिकृतीचं. तिथे ठोकेच महत्त्वाचे आहेत, तर मेशला मेशच राहू द्या. लॉस्ट वॅक्सने (मेणाच्या नमुन्याच्या जागी धातू ओततात त्या पद्धतीने) ओतणार असाल तर मेणाचा किंवा कास्टेबल रेझिनचा प्रिंट लागतो, आणि प्रिंटला त्रिकोणच लागतात. सरफेसमध्ये नेऊन परत त्रिकोण करण्यात ठोके बोथट होतील, बाकी काही मिळणार नाही. फक्त भोकं बुजवा आणि स्केल करा. एवढं लक्षात घ्या की पाचपट लहान केलं की ठोक्याची खोलीही पाचपट कमी होते, ०.४ एमएमचा ठोका ०.०८ एमएम उरतो आणि ओतकाम, पॉलिश यात तो पुसला जाईल. म्हणजे ठोके थोडे वाढवावे लागणार.

त्याला ब्लेंडर बरं, फुकट आहे. मघाचा रिव्हॉल्व्ह मोठ्या चौकोनी खणांच्या जाळीचा करा, मल्टिरेझोल्युशन मॉडिफायरने चार-पाच पायऱ्या बारीक करा आणि श्रिंकरॅपने स्कॅनवर टेकवून अप्लाय करा. आता खालच्या पायरीवर भांड्याचा घाट आहे आणि वरच्या पायऱ्यांवर आजोबांचे ठोके. घाट बदलायचा तर खालची मोठी जाळी हलवा, ठोके सोबत येतात. ठोके खोल करायचे तर वरच्या पायरीवर जाऊन स्कल्प्टमध्ये हलक्या हाताने.

जमलं की फोटो नक्की पाठवा, मूळ घंगाळ शेजारी ठेवून काढलेला.

प्रश्न : एसटीएल उघडली तर पार्ट राईच्या दाण्याएवढा येतो. फाइल खराब आहे का? (नाशिकरोड)

उत्तर : खराब नाही. एसटीएलमध्ये युनिट लिहिलेलंच नसतं, नुसते आकडे असतात. समोरच्याने इंचात काढली आणि तुम्ही एमएममध्ये उघडली की २५.४ पट लहान, मीटरमध्ये काढली असेल तर हजार पट. एखादं माहीत असलेलं माप बघा, भोकाचा व्यास वगैरे, आणि भागाकार करून स्केल लावा. अंदाजाने लावू नका. पुढच्या वेळी थ्रीएमएफ मागा, त्यात युनिट येतं.

प्रश्न : सिन्नरहून. आमच्याकडे एका जुन्या कस्टमरच्या आयजेस (स्टेपसारख्याच, पण जुन्या पद्धतीच्या) फाइल येतात, त्यांच्याकडे जुनं सॉफ्टवेअर आहे. सॉलिडवर्क्समध्ये उघडल्या की दोनशे सुटे सरफेस, कुठे कुठे फट. टॉलरन्स वाढवला तर निट (शिवून एकत्र) होतात पण मग पुढे शेल (आतून पोकळ) करताना एरर. काय करावं?

उत्तर : आधी कस्टमरला स्टेप देता येते का विचारा, जुन्या सॉफ्टवेअरमध्येही स्टेपच्या एपी २०३ किंवा २१४ या प्रकाराचा पर्याय बऱ्याचदा एक्सपोर्टच्या यादीत खाली पडलेला असतो, कोणी बघत नाही. आयजेसची शेवटची आवृत्ती ५.३, तीही १९९६ची, आणि तिच्यात बहुतेक जण सुटे सरफेसच पाठवतात, कोण कोणाचा शेजारी ते फाइलला माहीत नसतं. म्हणून उघडणारं सॉफ्टवेअर जवळच्या कडा शोधून शिवतं.

टॉलरन्स वाढवणं म्हणजे फट झाकणं. ०.१ एमएमची फट जोडली असं सॉफ्टवेअर मानतं पण सरफेस आपल्या जागीच असतात. शेलमध्ये प्रत्येक फेस आत सरकवून नव्याने छेद काढावा लागतो, आणि तिथे ती झाकलेली फट उघडी पडते. तेव्हा टॉलरन्स ०.०१च्या आसपास ठेवा आणि जेवढं शिवलं जाईल तेवढं जाऊ द्या. मग इम्पोर्ट डायग्नोस्टिक्स लावा, लाल झालेले फेस बघा. दोनशेपैकी साधारण थोडेच दुष्ट असतात. ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा उडवा आणि शेजाऱ्यांच्या कडांवरून फिल सरफेसने नवे भरा, कडेला टँजंट किंवा कर्व्हेचर निवडून. अरुंद पट्टी असेल तर भरूच नका, पट्टी काढून दोन्ही बाजूचे सरफेस वाढवून एकमेकांवर ट्रिम करा. सगळं निट होऊन सॉलिड झालं की लगेच पॅरासॉलिड फॉरमॅटमध्ये एक कॉपी टाका, उद्या हाच पार्ट परत आला की तिथून सुरू करता येईल.

आणि बदल छोटा असेल, एखादी भिंत २ एमएम बाहेर, भोक सरकवायचं, तर फॉर्म, फ्रीफॉर्म काही लागत नाही. मूव्ह फेस आहे, डिलीट फेसमध्ये डिलीट अँड पॅच आहे. लोक एवढ्याशासाठी अख्खा पार्ट नव्याने काढतात आणि मग मूळाशी ०.३ एमएमचा फरक का येतोय म्हणून शोधत बसतात.

प्रश्न : मॅडम, सातपूरला कामाला आहे. एका कव्हरचा इम्पोर्ट केलेला टॉप राइनोत क्वाडरीमेश (आपोआप चौकोनी खणांची जाळी) करून सब-डी केला, थोडा फुगवला, नर्ब्स करून दिला. स्क्रीनवर एकदम स्मूथ. मोल्ड पॉलिश झाल्यावर पार्टवर एका जागी चिमटा काढल्यासारखा डाग दिसतो, हाताला लागत नाही पण उजेडात दिसतो. मशीनवाला म्हणतो डेटा तसाच आहे. खरं आहे का?

उत्तर : मशीनवाला बरोबर सांगतोय. क्वाडरीमेशने केलेल्या जाळीत तो डाग ज्या जागी आहे तिथे जाऊन बघा, तिथे चारऐवजी तीन किंवा पाच रेषा एका पॉइंटला मिळत असतील. त्याला स्टार पॉइंट म्हणतात. कॅटमल-क्लार्कचा सरफेस बाकी सगळीकडे वक्रतेपर्यंत जुळतो, स्टार पॉइंटवर मात्र फक्त उतार जुळतो, वक्रता तुटते. बोटाला उतार कळतो म्हणून हाताला काही लागत नाही, पण चकचकीत पृष्ठावर उजेडाची रेघ वक्रतेवर वळते, आणि तिथे ती मोडते.

माझ्या हातून हेच झालंय. काही वर्षांपूर्वी एका पियानो-ब्लॅक कव्हरचं काम होतं. घाईत ऑटोमॅटिक जाळी घेतली, झेब्रा (सरफेसवर काळे-पांढरे पट्टे पाडून वक्रता तपासायची सोय) लावला, पण मोठे पट्टे लावून बघितला. पहिला नग आला तेव्हा दिव्याच्या ट्यूबच्या उजेडाची रेघ त्यावर सरळ जायला पाहिजे होती आणि मधोमध ती तुटून पुढे गेली होती. कॅव्हिटी परत मशीनवर चढवावी लागली, वेल्डिंग नाही लागलं एवढंच बरं, पण पॉलिशवाल्याची मेहनत पूर्ण वाया गेली आणि ते मला आजही लागतं. तेव्हापासून झेब्रा बारीक पट्ट्यांचा लावते आणि मॉडेल हळूहळू फिरवून बघते, एका कोनातून कधीच नाही.

तुमच्यासाठी उपाय असा. स्टार पॉइंट पूर्ण टाळता येत नाहीत, डब्यासारख्या बंद आकाराला ते कुठेतरी लागतातच, पण ते कुठे ठेवायचे हे आपण ठरवू शकतो. टॉपची जाळी ऑटोमॅटिक घेऊ नका. टॉपवर सरळ उभ्या-आडव्या खणांची चादर घाला, आणि स्टार पॉइंट बाजूच्या भिंतीत, स्क्रूच्या बॉसच्या मागे किंवा लेबल चिकटतं त्या खळग्यात ढकला. त्याहून बरं, टॉप खरंच एकच हलका फुगवटा असेल तर सब-डी सोडा. मूळ टॉप फेस एक्स्ट्रॅक्ट करा, अनट्रिम करा, रिबिल्डने डिग्री ३, दोन्हीकडे ६ बाय ६ पॉइंट करा आणि मूळापासून किती सरकला ते डेव्हिएशनमध्ये बघा. ०.०५ एमएमच्या आत असेल तर तेच ३६ पॉइंट हलवा, कडेच्या दोन रांगा सोडून. मधले ४ पॉइंट उरतात, तेवढ्यात फुगवटा होतो. मग मूळच्याच कडांनी परत ट्रिम करा. एकच सरफेस आहे, त्यात स्टार पॉइंट येणारच कुठून.

सध्याच्या मोल्डचं म्हणाल तर टॉपचा तेवढाच भाग नव्या डेटाने ०.२ ते ०.३ एमएम खोल परत फिनिश करता येतो का बघा, कव्हरची जाडी तेवढी वाढलेली चालते का ते कस्टमरकडून लेखी घेऊन. आणि कॅम (मशीनचा प्रोग्राम) करायच्या आधी ती नवी फाइल मशीनवाल्याला सोबत बसवून झेब्रात दाखवा, डाग त्यांनी पकडलाय, त्यांचा डोळा चांगला आहे.